कपाटाची चौथी पाचर

"मावशी, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलंय." म्हातारा रखवालदार दारातच मटकन बसला. "तीस वर्षं सभागृहाच्या किल्ल्या सांभाळल्या. आज चोर ठरलो!"

मावशी खाजगी गुप्तहेर होत्या आणि त्यांचे मदतनीस होते त्यांचेच जावई. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळ लागायचा.

चोरीला गेलं होतं एक पत्र. शंभर वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून देशोधडीला लागून आलेल्या माणसांनी या नव्या मुलखासाठी लढाई केली होती. रातोरात नदी ओलांडून शत्रूला गाठणारा त्यांचा सेनापती आज चौकात पुतळा होऊन उभा होता. पण मरताना त्यानेच उपसेनापतीच्या विधवेला लिहिलं होतं, "ती युक्ती माझी नव्हे, तुमच्या यजमानांची." उपसेनापती मूळचा सुतार. ते पत्र आज भरसभेत वाचलं जायचं होतं. सकाळी बघतात तर सभागृहातलं काचेचं कपाट रिकामं! कुलूप शाबूत, काच शाबूत. किल्ली एकट्या रखवालदाराकडे.

मावशी सभागृहात गेल्या आणि थेट कपाटामागे वाकल्या.

"याला खिळा कसा नाही हो?"

"त्या सुताराच्याच हातचं आहे ते," रखवालदार म्हणाला. "ही माणसं बोटीने आली ना, सामान पाचरींवर जोडायची. पाचरी काढल्या की फळ्या मोकळ्या. इथे आल्यावरही सवय गेली नाही. पुन्हा कधी निघावं लागेल, नेम काय?"

मागच्या फळीला चार पाचरी होत्या. मावशींनी एकेकीवरून नख ओढलं. तीन कोरड्या निघाल्या. चौथीनंतर नखाला पांढरट, गुळगुळीत काहीतरी चिकटलं. त्यांनी बोट जावयांपुढे धरलं.

"काय दिसतं, जावईबापू?"

"नख वाढलंय."

"धन्य आहे!"

सभागृह चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षा सेनापतीच्या नात होत्या. त्या फणकारल्या, "पत्र वाचलं की आजोबांचा मान अर्धा होणार, ते मला डाचतं. खोटं कशाला बोलू? पण किल्लीशिवाय ते कपाट उघडणार कसं?"

"वाचणार कोण होतं?"

"उपसेनापतींचा धाकटा नातू. पत्र जपलं थोरल्याने, मास्तरांनी. आम्हाला आणून दिलं तेही त्यांनीच. पण आवाज अगदी पडका हो! काल इथेच, दोघा भावांसमोर, समितीने धाकट्याला नेमलं."

धाकटा आरशासमोर भाषण घोकत होता. घरात सगळं लोखंडी सामान.

"आजोबांचं लाकूडकाम? सगळं दादाकडे. लहानपणी एक पाचर ओढली, तिचे दोन तुकडे झाले. दादा आठवडाभर बोलला नाही. हात लावायची बंदीच!"

मास्तरांच्या घरी टेबल डगमगत होतं. बोलता बोलता ते वाकले, टेबलाच्या पायातली पाचर काढली, मेणबत्तीचा तुकडा तिच्यावर घासला आणि तळहाताने ठोकून बसवली.

"अशी घासली की लाकूड कुरकुरत नाही. आजोबांची रीत." मग ते हसले. "धाकट्याचा आवाज छानच आहे. लहानपणापासून टाळ्या त्यालाच."

सभेआधी तासभर मावशींनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

"ज्याच्याकडे किल्ली आहे, तो मागची फळी कशाला हलवेल? आणि ती हलवलेली आहे, कारण चौथ्या पाचरीवर ताजं मेण आहे; एक पाचर काढली तरी पत्र ओढून घेण्याइतकी फट पडते. अध्यक्षाबाईंना हे कपाट मागून उघडतं हेच ठाऊक नाही. धाकट्याने काढली असती तर पाचर मोडली असती. इथे ती काढली, घासली आणि बसवली. ज्याचा हात सवयीने मेणाकडे जातो, त्याने."

"म्हणजे... मास्तर?" जावई म्हणाले. आज उजेड वेळेवर पडला होता.

मत्सर लांब जात नाही. तो पाठच्या भावाच्या ताटात डोकावतो.

"चाळीस वर्षं वाळवीपासून जपलं मी ते!" मास्तरांचा आवाज चिरकला. "आणि टाळ्या याला?"

"दादा, मला म्हणाला असतास तर दिलं असतं वाचायला."

"मागून मिळालेलं नको होतं मला!"

"टाळ्या धाकट्याच्या गेल्या असत्या, मास्तर," मावशी हळूच म्हणाल्या. "छप्पर मात्र या म्हाताऱ्याचं जात होतं."

मास्तरांची मान खाली गेली. त्यांनी कोटाच्या आतून पत्र काढलं. अध्यक्षाबाईंनी रखवालदाराची माफी मागून किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

संध्याकाळी सभागृह भरलं. धाकट्याने हाताला धरून भावाला व्यासपीठावर चढवलं. मास्तर वाचत गेले आणि शेवटाशी अडले. ते वाक्य त्यांनी शंभरदा वाचलं होतं.

"'तो माझ्याहून शहाणा होता, हे मला त्याच्या हयातीत सोसलं नाही. म्हणून मी...'"

पुढचं वाचवेना. मास्तर खाली उतरले, भरसभेत रखवालदारापुढे हात जोडून उभे राहिले आणि काल केलेलं सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने त्यांचे जोडलेले हात सोडवले.

"जा, मास्तर. पत्र पुरं करा. लोक खोळंबलेत."