सॉरी म्हणजे दुखतंय

सोलापूरच्या मेंदू-प्रयोगशाळेत सर्जेराव डंपरवाला डोक्याला तारा लावून बसला होता. समोर गुणाबाई, तिच्याही डोक्याला तारा. तिचा एकुलता लेक दत्तू याच्याच डंपरखाली गेलेला.

"कोर्टात म्हणलो की सॉरी," सर्जेराव पुटपुटला.

"ते तोंडाचं झालं," डॉक्टर मेहरुन्निसा तांबोळी म्हणाल्या. "जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता दुखणारा. जखम दुखते ना, तसा. सॉरी म्हणजे 'मला दुखतंय'. आता पायावर पाय पडला तरी म्हणतात, दुखत कुणालाच नाही. हे वेदनावाहक यंत्र शब्दात दुखणं परत घालतं. म्हणा, बाईंचं दुखणं तुमच्यात येईल."

"सॉरी, मावशी."

एवढा रेड्यासारखा गडी, पण खुर्चीतनं खाली पडून हंबरला. यंत्राचा काटा शंभरावर. डॉक्टर खूश.

आठ दिवसांनी गुणाबाई परत आली.

"काल बोहारीण आलती. दत्तूचे समदे कपडे दिले तिला. वर हुज्जत घालून मोठं पातेलं घेतलं. मग डोक्यात आलं, अगं, काय केलंस हे? पर आत काय हललंच न्हाई."

डॉक्टरांनी तारा लावल्या. काटा शून्यावर. त्यांनी आठ दिवसांपूर्वीची नोंद काढून पाहिली. यंत्र दुखण्याची नक्कल करत नव्हतं, उचलूनच नेत होतं. घेणाऱ्याचं मोजलं; देणारीचं मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मग परत द्या माझं."

"ते एकाच वाटेनं जातं, बाई. दुखणाऱ्याकडून सॉरी म्हणणाऱ्याकडं." बोलता बोलता डॉक्टर थांबल्या. "नका. नाहीये तेच बरंय."

"बोलवा त्याला."

सर्जेराव आला. गालफडं बसलेली, आठ दिवस पोटात अन्न नाही. त्यानं हात जोडले. "राहू द्या माझ्याकडं, मावशी. तुमास्नी कशाला ताप?"

"गप रे. लेक माझा होता."

तिनं तारा नीट बसवून घेतल्या. ज्यानं लेक मारला त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "सॉरी, बाबा."

सर्जेरावाचा चेहरा सैल पडला. त्यानं आळस दिला, इकडंतिकडं बघितलं. "डॉक्टरीणबाई, चहा मिळंल का कुठं? लई भूक लागलीय."

गुणाबाई खुर्चीतच दुमडली होती. डॉक्टर धावल्या. हुंदक्याहुंदक्यातनं ती एवढंच म्हणाली,

"हे एकटीचं न्हाई माझं. ह्याचं सोताचंबी आलंय यात."