चाळीस पांढऱ्या पिशव्या

बू सार्मीने केळीच्या पानात बांधलेलं टेम्पे, म्हणजे बुरशीने घट्ट विणलेली सोयाबीनची वडी, लास्त्रीच्या टेबलावर ठेवलं. "आम्ही पानातच बांधतो, आजीपासून," ती म्हणाली. "माझ्या लेकीला, तुतिकला, घाणेरडी म्हणून प्रयोगशाळेतून काढलंय."

इंडोनेशियातल्या मलंगमध्ये अडलेला माणूस शोध घेणाऱ्या बू लास्त्रीकडे, म्हणजे लास्त्रीबाईकडे, येई. तिचा नवरा दार्मो स्कूटर चालवी आणि चुकीचे अंदाज बांधी.

शेतकरी संघाच्या प्रयोगशाळेत मिरचीचा मर रोग रोखणारी हिरवी बुरशी होती. आठ वर्षं निवडून निवडून सुधारलेली. ती शिजवलेल्या तांदळाच्या बंद पिशव्यांत वाढवत. या खेपेला चाळीस पिशव्यांत हिरव्या बुरशीऐवजी टेम्पेची पांढरी बुरशी माजली. तुतिकची आई टेम्पे विकते, एवढा पुरावा सगळ्यांना पुरला.

लास्त्री आणि दार्मो प्रयोगशाळेत गेले. पिशव्या भरल्या त्या दोन दिवसांत संघाचा ड्रायव्हर बेजो केदिरी शहरात गेला होता. तुतिक म्हणाली, ती अंघोळ करून, कपडे बदलूनच आत जाते. गुरुवारी पिशव्या बांधून ती घरी गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख पाक हरजोनो, म्हणजे हरजोनोसाहेब, म्हणाले, त्यांनी फक्त कुलूप लावलं. त्यांनी घरचं टेम्पे खायला दिलं. बायको गेल्यापासून ते स्वतःच करत. चौकोनी वडी, वर काळ्या ठिपक्यांची सरळ रांग. दार्मोने चार तुकडे हाणले.

लास्त्रीने एक बिघडलेली पिशवी उजेडाकडे धरली. बारीक भोकांच्या रांगा होत्या.

"बघ, टेम्पेवाल्यांचीच खोड. तुतिकच," दार्मो म्हणाला.

"टेम्पे पानात बांधलं तर भोकं कशाला पाडायची? पान आपोआप श्वास घेतं. भोकं प्लास्टिकला लागतात, आणि जिथे भोक तिथे टेम्पे काळं पडतं." तिने हरजोनोंकडे पाहिलं. "ठिपके तुमच्या वडीवर आहेत, पाक. पिशव्यांना भोकं पाडलेली टाचणीही घरचीच होती ना? तिच्यावरूनच ती बुरशी आत गेली."

हरजोनो खाली बसले. "तुतिक गेल्यावर पिशव्या फुगलेल्या वाटल्या. खिशातली टाचणी काढली, हात आपोआप चालला. तिसऱ्या दिवशी सगळं कळलं. तेव्हा बोललो असतो तर ती नुसती चूक ठरली असती. पोरीचं नाव पुढे आलं आणि मी गप्प बसलो. रोज लाज वाटते."

ते संघाच्या सगळ्या लोकांसमोर बोलले, मग तुतिकच्या दारात गेले. तिथे त्यांनी तिची माफी मागितली. तुतिकने फक्त विचारलं, "हिरव्या बुरशीची मूळ नळी?"

"फ्रिजमध्ये. धड आहे."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. दारातच तिने हात निर्जंतुक करायच्या स्पिरिटची बाटली उघडली.

"हात पुढे करा, पाक," ती म्हणाली, आणि त्यांच्या तळव्यांवर स्पिरिट ओतत राहिली.