वरच्या वर्गातल्या बाई

पटत नसेल तर सोडून द्या. मी पटवायला बसलेलो नाही. ही माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. लहानपणी मला भुताच्या गोष्टी सांगून रडवायची आणि स्वतः खुशाल घोरत पडायची, ती ही बहीण.

गुरुवार होता. दुपारचे सव्वाचार. लख्ख ऊन. असलं काही रात्रीच घडतं असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो.

ताईची ती पहिलीच नोकरी. गणित शिकवायचं. शाळा दुमजली, पण मुलं इतकी कमी झालेली की वरचा मजला सात वर्षं बंद. जिन्याला लोखंडी जाळीचं दार आणि दाराला कुलूप. दहावीत एकोणीस जण. तीन वर्षं लागोपाठ निकाल आपटला होता. यंदाही आपटला तर शाळा बंद, हे तिला मुलाखतीतच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी ताई आकृती काढायला फळ्याकडे वळली. काढून झाली. मागे वळली.

एकोणीसच्या एकोणीस माना खाली. सगळे भराभर लिहीत होते.

ताईनं अजून तोंडही उघडलं नव्हतं…

"मला वाटलं, काय गुणी पोरं मिळालीत!" ताई म्हणते.

आठवड्यानं तिनं वह्या घरी आणल्या. मी चहा घेऊन गेलो तर दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बसलेली.

"हे बघ."

दोन्हींत सातवा धडा. ताईचा दुसरा चालू होता. शब्द न शब्द सारखा. तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडलेला, तोही दोन्हींत.

"एकमेकांचं उतरवलं असेल," मी म्हटलं.

"खाडाखोड पण? एकोणीस जणांनी?"

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात विचारलं. पहिल्या बाकावर एक काटकुळी मुलगी बसायची. ती उभी राहिली.

"बाई, रागावू नका. तुम्ही मधेच बोलता ना, मग आमचं सुटतं. वरच्या बाई फार हळू सांगतात."

"कुठल्या वरच्या बाई?"

सगळे छताकडे बघत राहिले…

ताई तडक मुख्याध्यापिकेकडे गेली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"चाचणीत एकोणीसही पास झालेत. असं कधी झालं होतं, मला आठवत नाही. पोरं लिहितायत ना? लिहू दे. तुम्ही जरा कमी बोला."

ताई म्हणते, भीती तिथं वाटली. कारण मोठ्या बाईंना आश्चर्य वाटलंच नव्हतं.

मग तो गुरुवार आला. शेवटचा तास.

ताईनं ठरवलं होतं, आज एक शब्द बोलायचा नाही. तिनं वर्गाचं दार लावलं. पंखा बंद केला. टेबलाला टेकून उभी राहिली.

पेनांची खरखर.

बाकी काही नाही.

आणि मग…

टक्. टक्. टक्.

वर कुणीतरी फळ्यावर लिहीत होतं. खडू ओढल्याचा आवाज. मग पावलं. फळ्यापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून परत. सावकाश. घाई नसलेली.

पावलं ताईच्या बरोबर डोक्यावर येऊन थांबली.

खाली एकोणीस पेनं थांबली.

नाही… अठरा.

पहिला बाक रिकामा होता.

दार बंदच होतं. ताई त्याच्यापासून चार हातांवर उभी. कडीसुद्धा वाजली नव्हती. बाकावर फक्त पेनाचं टोपण.

"कुठे गेली ती?"

अठरा जणांनी वर पाहिलं. पावलं पुन्हा चालू लागली. पेनंही.

ताई धावत जिन्याशी गेली. कुलूप जागच्या जागी, गंजून लाल झालेलं. आणि जाळीच्या पलीकडे, तिसऱ्या पायरीवर, मुलीच्या चपला. जोडीनं, नीट काढून ठेवलेल्या.

"मामा!" ताई शिपाईमामांना हाका मारत सुटली.

मामा आले. चपला पाहिल्या आणि खिशातली किल्ली काढली. किल्ली लागेना. तेल घातलं, लागेना. शेवटी हातोडीनं कुलूप फोडलं. एवढा दणदणाट, पण वरचा खडू थांबला नाही.

वर्गात पाऊल टाकलं तेव्हा मात्र…

शांत. चिडीचूप.

फळा कोरा. टेबलावर, खुर्चीवर, बाकांवर बोटभर धूळ. जमिनीवरही तशीच. त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मुलीचंसुद्धा नाही.

ती मधल्या बाकावर ताठ बसून लिहीत होती. वहीकडे न बघता. नजर समोरच्या खुर्चीवर.

"चल खाली!" ताईनं तिचा डावा हात ओढला. हलेना. पंधरा वर्षांची काडीसारखी पोर, पण जमिनीत रोवल्यासारखी.

"थांबा ना बाई. एवढं एकच वाक्य."

"मामा, धरा हिला!"

मामा दारातून आत आलेच नाहीत. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हात जोडले.

"बाई, घंटा झाली," ते म्हणाले. "आता सोडा पोरीला."

घंटा झाली नव्हती. घंटा देणारे मामा तर तिथंच उभे होते.

पण मुलीचा हात एकदम सैल पडला. ताई तिला घेऊन मागे कोलमडली.

आणि खालच्या वर्गातून अठरा आवाज एका सुरात आले.

"येतो, बाई…"

नंतर ताईनं मामांना खोदून खोदून विचारलं. कोण होत्या त्या? कधी वारल्या? मामा म्हणाले, "मी इथं एकतीस वर्षं आहे. अशी कुणी बाई नव्हती हो. पोरं बाई म्हणतात, म्हणून मीही म्हटलं."

ताई नोकरी सोडून पळाली नाही. "पोरांना तिथंच टाकून कसं जाऊ?" म्हणाली. मोठ्या बाईंशी कडाक्याचं भांडण काढून तिनं दहावीचा वर्ग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. डोक्यावर मजलाच नाही. पहिले काही दिवस पोरं नुसती बसून राहायची. मग हळूहळू ताईचं ऐकू लागली. चुकू लागली. वेगवेगळं चुकू लागली, तेव्हा ताईला रडू आलं.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत, तीन बस थांबे पलीकडे. गणिताच्या पेपरला ती काटकुळी मुलगी पूर्ण वेळ पेन उचलून बसली. कोरा कागद दिला. ताई तिच्या घरी गेली.

"काय झालं गं? येत होतं ना तुला?"

"मी थांबले होते, बाई. त्यांना रस्ता सापडला नाही."

ताई काही बोलणार, एवढ्यात मुलगी हसली.

"पण विज्ञानाच्या पेपरला आल्या. सगळा सोडवला मी."

ताई उठलीच. चपलेत पाय घालत होती, तेव्हा मुलीनं मागून विचारलं, "बाई, तुम्ही आता कुठल्या शाळेत जाणार?"

ताईनं उत्तर दिलं नाही. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. नव्या नोकरीचं पत्र त्यानंतर दोन महिन्यांनी आलं, शाळा बंद झाल्यावर.

तरी मुलीनं मान किंचित तिरकी केली…

आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी ताईला अजून म्हणतो, वही हिसकावून बघायला हवी होतीस.

ती म्हणते, "तू नव्हतास ना तिथे."