जागेवर ये

"अभिनंदन!" असं म्हणत तो खुर्चीतून उठला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी घोटाळा होतोय.

"रविवारीच म्हणालात ना फोनवर? फार घाई केलीत हो. पण जमवू आपण. स्टेज फुलांनी सजवायचं की दिव्यांनी?"

"साधंच ठेवा."

"आणि... नवरदेव नाही आले जागा बघायला?"

मी बघतच राहिले. म्हणे हॉलचा मॅनेजर! शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन खोचलेलं आणि स्वारी तेच पेन टेबलावर शोधत होती.

"कार्यक्रम माझ्या आत्याचा आहे," मी म्हटलं.

"अरे वा! या वयात? म्हणजे... छानच की! त्या कधी येतील?"

"ती गेली हो. मागच्या महिन्यात. तिच्या आठवणींचा कार्यक्रम करायचाय."

त्याचा चेहरा असा काही पडला की मला हसू फुटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच! आणि हसता हसता रडूही यायला लागलं. हसावं की रडावं काही कळेना. तो बिचारा पाण्याचा ग्लास पुढे करायला गेला आणि अर्धा माझ्या ओढणीवर सांडला.

"सॉरी... आधी तोंडातून, आता हातातून," तो म्हणाला.

झालं! मी पुन्हा हसले. आणि मग अनोळखी माणसाला कुणी सांगत नाही ते सगळं सांगून मोकळी झाले. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या संध्याकाळी आत्या मला म्हणाली होती, "माझ्यामागे रडारड करायची नाही. सगळ्यांना जागेवर बोलव, चहा पाज आणि माझी मनसोक्त टिंगल करा." कुठल्या जागेवर, हे मी विचारेपर्यंत तिचा डोळा लागला. सकाळी ती नव्हतीच. बाबा म्हणतात, माझ्या बहिणीची जागा म्हणजे आपली गच्ची. तिच्या मैत्रिणी म्हणतात, नदीकाठची बाग. सगळेच छातीठोकपणे सांगतात आणि मला एकही पटत नाही. म्हणून आपली हॉल बघत फिरतेय.

"तिने एवढी एकच गोष्ट मागितली हो माझ्याकडे. तीसुद्धा चुकली तर..."

 तो हळूच म्हणाला, "काय करायच्या आत्या?"

"गाडी शिकवायची. अर्ध्या शहराला शिकवलं तिने."

"पांढरी गाडी? शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असलेली?" तो मटकन खाली बसला. "मॅडम... मॅडम गेल्या?"

 त्याने डोळे पुसले, तेही न लपवता. मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. आता हे काय नवीन?

"मला तीनदा नापास केलं होतं त्यांनी सराव परीक्षेत," तो म्हणाला. "मी रिव्हर्स घेताना दर वेळी त्याच त्या..."

"खांबाला धडकायचात!" मी ओरडलेच. "तुम्ही खांब?"

आमच्या घरी जेवताना आत्याच्या गोष्टींत हा खांब कायम असायचा. आज खांब पुन्हा धडकला, आज खांबाने बिस्किटं आणली, खांब पोरगा सोन्यासारखा आहे हो!

"आणि तुम्ही..." तो डोळे बारीक करून म्हणाला, "तुम्ही 'बघू' तर नाही? भाचीला गाडी शीक म्हटलं की 'बघू', खांबाला एकदा भेट म्हटलं की 'बघू'..."

माझे कान तापले. म्हणजे आत्याने दोन्हीकडे काड्या केल्या होत्या तर!

"आणि जागेवर म्हणजे... अहो, चला! उठा!" त्याने हॉलला कुलूप घातलंसुद्धा.

"पण तुमचं बुकिंग?"

"बुडू दे."

पाण्याच्या टाकीमागचं मोकळं मैदान. जमिनीवर पुसट पांढरे पट्टे आणि कडेला एक वाकलेला लोखंडी खांब. तो लाजून त्या खांबासमोर उभा राहिला, जुन्या वर्गमित्रासमोर उभं राहावं तसा.

"शिकवणी इथून सुरू व्हायची. शहरभर फिरवून झालं की मॅडम म्हणायच्या, 'चल, आता जागेवर ये.' कितीही चुकलो असलो तरी इथे गाडी लागली की पाठीवर थाप."

मी त्या पट्ट्यांवर उभी राहिले. एवढी वर्षं आत्या रोज इथे होती आणि मी एकदाही आले नव्हते. मला फार रडू आलं. त्याने या वेळी पाणी दिलं नाही, नुसता शेजारी उभा राहिला. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. आत्याला जाऊन जेमतेम महिना झालाय आणि मी केस काय सारखे करतेय! माझं डोकं काही जागेवर नव्हतं.

रविवारी मैदान गाड्यांनी भरून गेलं. टॅक्सीवाले आले, शाळेच्या बसची ड्रायव्हर बाई आली, एक डॉक्टरीण आली. प्रत्येकाने न सांगता गाडी रिव्हर्समध्ये घेऊन पट्ट्यात नीट लावली. चहा झाला, आत्याच्या ओरडण्याच्या नकला झाल्या. बाबा हसून हसून बेजार झाले. "हीच रे, हीच तिची जागा," असं म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सगळे पांगल्यावर मैदानात आत्याची पांढरी गाडी उरली. मी दार उघडलं आणि स्टिअरिंगसमोर बसले. का, ते मलाच ठाऊक नाही.

तो काचेशी वाकला. "शिकायचं?"

माझ्या ओठांवर 'बघू' आलं होतं. मी ते गिळलं. "हो."

तो आत्याच्या सीटवर बसला. मी इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर चालू झाले. कोरड्या काचेवर नुसती करकर!

"पाऊस पडतोय वाटतं," तो म्हणाला.

"खांबाने बोलू नये."

गाडी गचका खाऊन सुटली. मैदान सरकायला लागलं, मी चाक घट्ट धरलं.

"ऐक... मॅडम होत्या तोवर मी नुसतं तुझं नाव ऐकत होतो," तो समोर बघत म्हणाला. कधी 'तू'वर आला, कळलंच नाही. "आता रोज भेटावंसं वाटतंय. फार घाई होतेय का? ब्रेक लावू?"

समोरून वाकलेला खांब जवळ येत होता. मी चाक वळवलं आणि खांब बाजूने निघून गेला.

"नको," मी म्हटलं. "नको लावूस."