पाच नंबरचा फवारा

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे, त्यामुळे 'कोणाकडून तरी ऐकलं' असं म्हणून सुटायची सोयही मला नाही.

रात्रीची वेळ नव्हती. अमावास्या नव्हती. ऐन उन्हाळा होता, डोळे दिपवणारं ऊन होतं, आणि घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

जागा म्हणजे गल्लीतलं शेवटचं घर. समोर लॉन, आणि लॉनच्या कडेने कमरेएवढी कंपाउंडची भिंत.

मी गेली सोळा वर्षं लोकांच्या लॉनवरचे स्प्रिंकलर सांभाळतो. काम दिसायला सोपं आहे. दर पंधरा दिवसांनी जायचं, जमिनीत बसवलेला प्रत्येक फवारा उघडायचा, आतली बारीक जाळी धुवायची, तोंडावर साचलेला पांढरा क्षार खरवडायचा, भोवतीचं वाढलेलं गवत कापायचं. उन्हाळा आला की टायमर बदलायचा. पाणी पहाटे आणि संध्याकाळीच सोडायचं. दुपारी सोडलं तर निम्मं हवेतच उडून जातं.

हे वाक्य मी आजवर हजार वेळा गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. म्हणूनच पुढचं सगळं माझ्या जास्त जिव्हारी लागलं.

त्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. तीस वर्षं वाचनालय सांभाळून निवृत्त झालेल्या. गल्लीत सगळे त्यांना लायब्ररीबाई म्हणायचे. निवृत्त झाल्या तरी शिस्त तशीच. गेटवर पाटी होती, 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.' त्यांच्या घरात पंखासुद्धा दबकत फिरायचा.

त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी जेवत होतो. तुमचा फवारा भरदुपारी चालू आहे, असं त्या म्हणाल्या. 'तुमचा' या शब्दावर चांगला जोर होता.

मी गेलो. टायमर तपासला. ठीक होता. तरी त्याची बॅटरी बदलली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

मग मी टायमरच बदलला.

पुन्हा फोन.

मग जमिनीतला व्हॉल्व्ह बदलला. त्यासाठी चार तास उन्हात बसून खड्डा खणला, पाठ भाजून निघाली. बाई व्हरांड्यातून बघत होत्या. म्हणाल्या, "आता तरी होईल ना?"

मी छातीठोकपणे हो म्हणालो.

त्यानंतर मात्र त्यांनी फोनच केला नाही. गल्लीतल्या इतर घरांत सांगून टाकलं, की या माणसाचा आता हात चालत नाही. त्या गल्लीतली सात घरं त्यांच्याच शब्दावर माझ्याकडे आली होती. त्यातल्या दोघांनी लगेच कळवलं, की यापुढे येऊ नका.

घरी मी कोणाशी धड बोलेना. रात्री पडल्या पडल्या व्हॉल्व्ह, वायर, टायमर, हेच डोक्यात. बायको म्हणाली, "एवढा विचार तू आपल्या लग्नाचाही केला नव्हतास."

मला हसूही आलं नाही.

कारण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती. बाई म्हणायच्या, फक्त पाच नंबरचा फवारा चालू होतो. भिंतीजवळचा, एकटाच.

आणि ते शक्यच नव्हतं.

त्या लाइनवर पाच ते आठ नंबरचे चार फवारे आहेत. व्हॉल्व्ह एक. पाणी सोडलं की चौघांनाही जातं. एकट्या पाच नंबरला पाणी मिळायला वाटच नाही.

शेवटी मी ठरवलं, स्वतः समोर बसून बघायचं.

त्या दिवशी दीडला पोचलो. विजेचं बटण बंद केलं. टायमरच्या वायरी आणि बॅटरी काढून खिशात टाकल्या. टाकीकडून येणारा मुख्य कॉक हाताने घट्ट बंद केला. आता पाइपात पाणी नाही, टायमरला वीज नाही. चल, काय करतोस बघू, असं मी त्या फवाऱ्याला मनात म्हणालो.

वारा पडला होता. पक्षी गप्प होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

दोन वाजले.

दोन वाजून पाच.

दोन वाजून दहा...

टक्.

पाच नंबर जमिनीतून वर आला.

पाणी सुरू झालं. स्वच्छ, भरपूर, पूर्ण जोराने. आणि मी जागचा हललो नाही, कारण...

कारण आवाज नव्हता.

स्प्रिंकलरचा आवाज मी झोपेतही ओळखतो. हवेतली ती फरफर, मग गवतावर पडणारी सर. इथे काहीच नव्हतं. पाणी उडताना दिसत होतं, पण कानाला काही लागत नव्हतं.

मग एक आवाज आला. बारीक.

घट... घट... घट...

कोणीतरी घाईघाईने पाणी पीत होतं.

पाण्याचा पंखा भिंतीच्या बाजूला एका ठिकाणी तुटत होता. साधारण माणसाच्या खांद्याएवढ्या रुंदीत पाणी पुढे जातच नव्हतं. मागची जमीन कोरडी ठणठणीत राहिली होती.

चार मिनिटं हे चाललं. मग फवारा खाली बसला.

मी तसाच व्हरांड्यात गेलो. त्या दिवशी पाटीबिटी काही पाहिली नाही. दार ठोठावलं, बाई बाहेर आल्या, आणि मी पाहिलं तसं सांगितलं. मला वाटलं, आता ही बाई मला वेडा ठरवून हाकलणार.

त्यांनी फक्त वेळ विचारली.

"दोन दहा," मी म्हणालो.

बाई पायरीवरच खाली बसल्या. त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा माणूस त्या गल्लीत नवीन आला होता. वयस्कर, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने यांची बेल वाजवली. तीनदा. बाई जाग्या होत्या. पाटी वाचता येत नाही का, म्हणून चिडून पडून राहिल्या. मग खिडकीखालून आवाज आला.

"बाई, पाणी मिळेल का?"

ऐकू आलं होतं, त्या म्हणाल्या. स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी उठले नाही. वाट पाहून तो जाईल असं वाटलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांना तो भिंतीला टेकून बसलेला सापडला. उन्हाने गेला, असं डॉक्टर म्हणाले. पाच नंबरच्या फवाऱ्याचं तोंड पिळून काढलेलं होतं. पण लॉनला पाणी पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी पाइप कोरडा.

त्या काढलेल्या तोंडाच्या जागी नवीन मीच बसवलं होतं. मुलांनी खेळताना तोडलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

भिंतीपाशी बागेचा एक नळही आहे. येणारे-जाणारे आत शिरून पाणी पितात, चिखल करतात, म्हणून बाईंनी मला त्याची मूठ काढून ठेवायला सांगितली होती. तो माणूस गेला त्याच्या दहा दिवस आधी.

मी काढली होती.

त्या पायरीवर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नळाला मूठ बसवली. बाईंनी भिंतीवर पाण्याचा जग आणि पेला ठेवायला सुरुवात केली. गेटवरची पाटी काढली. दुपारची झोप सोडली. दार सताड उघडं टाकून एक ते चार त्या दारातच खुर्चीवर बसू लागल्या, लॉनकडे तोंड करून.

काही फरक पडला नाही.

जग भरलेलाच राहायचा. आणि दोन दहा झाले की... टक्.

मी हात टेकले. खरं सांगतो, भीतीपेक्षा माझा वैतागच जास्त होता. बिघाड सापडला की तो दुरुस्त होतो, एवढ्या एका विश्वासावर माझं पोट चालतं. इथे बिघाड सापडला होता आणि माझ्याकडे त्यासाठी पाना नव्हता. बाईही चिडायच्या. माझ्यावर, त्या भरलेल्या जगावर, स्वतःवर. एकदा म्हणाल्या, "आता अजून काय करायचं मी?"



मग तो दिवस आला.

त्या उन्हाळ्यातला सगळ्यात कडक दिवस असावा. पंधरवड्याच्या कामाला मी उशिरा पोचलो होतो. जाळ्या धुता धुता दोन वाजून गेले. माझी बाटली केव्हाच संपली होती. उठायला गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम यायचा थांबला होता. हे लक्षण वाईट, हे मला माहीत आहे.

नळाशी गेलो. मूठ फिरवली.

पाणी नाही.

भिंतीवरचा जग उचलला. रिकामा.

कसाबसा दारापर्यंत गेलो. दार बंद होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बंद.

बेल दाबली. आत वाजलेली ऐकू आली. कोणी उठलं नाही.

पुन्हा दाबली.

आत खुर्ची करकरली... आणि थांबली.

तिसऱ्यांदा दाबली. जीभ टाळूला चिकटली होती. मी खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "बाई, पाणी मिळेल का?"

म्हणून झाल्यावर मला कळलं, मी काय म्हणालो ते.

दाराकडे पाठ फिरवली. भिंतीच्या सावलीशी जाऊन गुडघ्यांवर बसलो. तिथे बसायचं असं ठरवलं नव्हतं. पाय तिथेच गेले.

टक्.

पाणी थंडगार होतं. दुपारी टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, पण हे थंडगार होतं. मी ओंजळ लावली आणि प्यालो. तोंड बुडवून प्यालो. आवाज येत होता, घट... घट... आणि तो माझाच होता.

निदान सुरुवातीला तरी माझाच होता.

मग जाणवलं, मागे कोणीतरी आहे.

अगदी जवळ. श्वास नाही, स्पर्श नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाची जशी जाणीव होते, तशी. तो ढकलत नव्हता. काही बोलतही नव्हता. नुसता थांबला होता.

मी बाजूला सरकलो.

का, ते मला सांगता येणार नाही. दया आली म्हणून, की घाबरलो म्हणून, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलंय. फक्त सरकलो, आणि मान खाली घालून बसून राहिलो. मागे वळून पाहिलं नाही.

पाण्याचा आवाज बंद झाला.

घट... घट... घट...

मग तोही थांबला. फवारा खाली बसला.

मान वर केली तर समोर घराचं दार सताड उघडं. दारात खुर्ची, आणि खुर्चीपाशी बाई उभ्या. हातात पाण्याचा पेला, निम्मं पाणी त्यांच्या साडीवर सांडलेलं.

मी म्हणालो, तीनदा बेल वाजवली, हाका मारल्या, दार का नाही उघडलंत?

बाई म्हणाल्या, "दार उघडंच होतं. मी इथेच बसले होते. तुम्ही दाराशी आलाच नाहीत."

"मग मी कुठे होतो?"

"तिथे. भिंतीपाशी. मला वाटलं, तुम्ही बोलताय."

"कोणाशी?"

त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या.

मी भिंतीवरचा जग पाहिला. काठोकाठ भरलेला होता. नळाची मूठ फिरवली. धार लागली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. एक उन्हाळा पुन्हा येऊन गेला. पाच नंबर त्यानंतर दुपारी एकदाही वर आला नाही. सोडून गेलेली दोन्ही घरं माझ्याकडे परत आली. बाईंनीच सगळ्यांना सांगितलं, की बिघाड सापडला एकदाचा. काय होतं, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, जाळीत क्षार साचला होता.

मी अजूनही दर पंधरा दिवसांनी तिथे जातो. सकाळी आठच्या आत काम उरकतो. पाच नंबरची जाळी धुताना भिंतीकडे पाठ करत नाही.

त्या दुपारी मी मागे पाहिलं नाही. पण बाई समोर बसल्या होत्या, लॉनकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून. त्यांनी पाहिलं असणार. मी विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही.

एवढंच, की एक ते चार त्या अजूनही दार उघडं टाकून बसतात. जग रोज भरून ठेवतात.

फक्त खुर्ची त्यांनी फिरवून घेतली आहे. लॉनकडे पाठ करून.