दोर ओढणाऱ्याचा वाटा

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर जो ओढेल त्याला मासळीचा वाटा. मालवणच्या किनाऱ्यावर हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण प्रितेश पडला आतल्या कट्टा गावच्या काजूवाल्यांचा मुलगा, शाळेत नुकताच लागलेला इंग्रजीचा हंगामी मास्तर. गंमत म्हणून त्याने दोर ओढला, हात झटकले आणि चालू लागला.

"ओ मास्तर! तुमचो वाटो रवलो!"

रापणीचा म्होरक्या बाबली, त्याची मुलगी सुगंधा ओल्या वाळूतून धावत आली. ओंजळीत बांगडे.

"माझो कसलो वाटो?"

"दोर ओढलात ना? वाटो टाकून गेल्यार रापण रुसता."

"रापण रुसता… की रापणकार?"

ती लाजली नाही. त्याच्या इस्त्रीच्या रुमालात बांगडे टाकून मोकळी झाली.

मग तो रोजच दोराला येऊ लागला. सुगंधाचं शिक्षण बारावीनंतर सुटलं होतं. वाट्याच्या बदल्यात तो तिला एखाद्या इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायचा.

"आज सॅड," एकदा तो म्हणाला.

"दुःखी. ह्या माका म्हायत आसा."

"आधी तसा नव्हता गो. जुन्या काळात पोट भरलेल्याक सॅड म्हणत. तृप्त. मगे जड झालेल्याक म्हणाक लागले. आणि मगे… मन जड झालेल्याक."

"म्हणजे चतुर्थीचा जेवण जेवान घोरणारो आमचो बाबा सॅड!"

दोघं इतकी हसली की बाबलीने लांबून खाकरून दाखवलं.

दिवाळीत घरी वडिलांना, आबांना लग्नाचं विचारतो, असं प्रितेशने तिच्याकडे कबूल केलं होतं. दिवाळी सरली. तो आला तो बॅग घेऊनच. बॅग वाळूत ठेवून त्याने दोर ओढला.

"लातूरक कायमची नोकरी लागली. आजचीच गाडी."

"आणि आबांका इचारलंस?"

"इचारलंय. रापणकाराचा चेडू सून म्हणान नको, म्हणाले."

"मगे तू काय म्हणालंस?"

त्याने बॅगेवरची वाळू झटकली.

"मी… गप रवलंय."

सुगंधाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग बांगड्यांची ओंजळ पुढे केली.

"तुझो वाटो."

"लातूरपर्यंत कुसतले गो."

ते खरंच होतं. तो एस्टी स्टँडकडे वळला. ओंजळ तशीच भरलेली राहिली.

घरी तिने बांगड्यांचं तिखलं, घट्ट झणझणीत कालवण, केलं.

"कोणाचो गो ह्यो वाटो?" बाबलीने विचारलं.

"माझोच."

वाटा टाकायचा नसतो. तिने एकटीने सगळा संपवला. पोट भरलं. अंग जड झालं. आणि मग, ताटात हात धुताना… तो सॅड शब्द त्याच्या शेवटच्या अर्थापर्यंत पोचला.