सभागृहातली वाट

"बांध, हवे तेवढे मजले चढव. पण पाणी आणणाऱ्या बायकांची ही वाट मोडू नकोस, पोरी. डोक्यावर घागर असली की वळसा सोसवत नाही."

नाना कोरान्तेमांचा तो आवाज अजून कानात आहे. आमच्याकडे आजीलाही नानाच म्हणतात. घानातल्या अबुरीच्या डोंगरावरची ती जमीन त्यांच्या घराण्याची. बँकेला तिथे अधिकाऱ्यांसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र हवे होते आणि आराखडा माझ्याकडे होता. नानांनी पितरांसाठी जमिनीवर मद्य शिंपडले. रोज पहाटे ख्रिस्ती स्तोत्र म्हणणारी, शुक्रवारचा उपास करणारी मी. त्यात हात घातला नाही. पण शब्द दिला. इमारतीच्या पोटातून वाट जाऊ दिली. वर छप्पर, दोन्ही टोके मोकळी, वारा खेळता.

मग संचालक म्हणून मिस्टर ओक्राकू आले. ते लंडनला एक छोटा अभ्यासक्रम करून आले होते; तेव्हापासून त्यांना घाम येणे कमीपणाचे वाटे. त्यांनी वाटेची दोन्ही टोके सिमेंट ब्लॉकने बुजवली, एसी लावले आणि दारावर पितळी अक्षरांत लिहिले, 'उत्तुंग नेतृत्व सभागृह'.

"नळ आले, झरा आटला, म्हातारी वारली," ते म्हणाले. "आता कोण जातंय तिथनं, सिस्टर? का प्रार्थनेत दिसलं कुणी?"

"मी शब्द दिलाय."

"मग पाळा की! माझी भिंत सोडून कुठेही पाळा."

बँकेने त्यांचेच ऐकले. असली भाषा बँकांना कळते.

पहिली तुकडी ऐन हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यात आली. हवा धुळीने पिवळी, सगळ्यांचे ओठ फुटलेले. बांधकामातले दोष पाहायला मी गेले होते. दुपारी जेवणघरात केंकेचे, मक्याच्या आंबवलेल्या उंड्यांचे, पातेले डोक्यावर घेऊन येणारी बाई ओरडली, "आगोऽ!", म्हणजे वाट द्या. सगळे "अमेऽ", म्हणजे या, म्हणत बाजूला झाले.

"हा काय बाजार आहे?" ओक्राकू कडाडले. "इथे 'एक्स्क्यूज मी' म्हणायचं!"

ती बाई त्यांच्याकडे पाहून गोड हसली. "हो साहेब. पातेल्यालाही शिकवते."

जेवणानंतर मी सभागृहात मागे बसले. सकाळी सरळ लावलेल्या खुर्च्यांमधून आता एक तिरका पट्टा मोकळा झाला होता, वाटेच्या एका बुजवलेल्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. खुर्च्या कुणी हलवल्याचे कुणाला आठवत नव्हते. त्या पट्ट्याच्या कडेला उभा असलेला एक अधिकारी बोलता बोलता मागे झुकला, ओझेवाल्याला जागा देताना झुकतो तसा. आपण झुकलो हे त्याला ठाऊकही नव्हते.

फरशीवर पाण्याचे थेंब होते. मोठे, गोल, एका ओळीत.

"एसी गळतोय! कुणी बसवला हा?" ओक्राकू ओरडले. एसी त्या ओळीपासून दूर, समोरच्या भिंतीवर होता.

मग ते व्यासपीठावरून उतरले आणि अडथळे ओलांडणाऱ्या नेतृत्वाबद्दल बोलत त्या पट्ट्यात शिरले. हातवारे छान करत. लंडनला तेवढे शिकवले असावे.

वाक्य अर्धे सोडून ते थांबले. बाजूला सरकले.

"अमे," ते म्हणाले.

कुणीच काही म्हटले नव्हते.

हसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "तर खरा नेता..." पुन्हा सरकले. "अमे." त्यांच्या कोटाचा खांदा ओला झाला होता.

मग सगळे अधिकारी, हळू आवाजात, "अमे."

पट्टा रुंद होत गेला. माणसे खुर्च्यांसकट कडेला दाबली जात होती. एक मुलगी भिंतीशी चेपून रडू लागली, "जागा नाही हो, श्वास घेता येत नाही..."

थेंब पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन थांबत होते. तिथे पाणी साचत होते. येणारे येतच होते. पुढे जायला वाट नव्हती.

"सिस्टर," ओक्राकू कोपऱ्यातून पुटपुटले, "काहीतरी करा."

मी बाहेर गेले. गाडीतली हातोडी घेऊन आले. ती भिंत मी बांधलेली नव्हती. तिच्यावर कसलाही भार नव्हता. तिच्या मालकावरही कधी नव्हता.

माझ्यापुढचा पट्टा रिकामा दिसत होता. तरी सवयीने मी हळूच म्हणाले, "आगो."

कुणाचेच ओठ हलले नाहीत.

पण भिंतीपाशी साचलेले पाणी दोन्ही अंगांना सरले, आणि मधे फरशीवर माझ्यापुरती कोरडी वाट झाली.

हातोडी उचलून मी भिंतीकडे चालू लागले.